एक टक्क्याचा सोलर सेल कसा वाचायचा?

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "ऑरगॅनिक सोलर सेल हा विषय घेऊ का? सिलिकॉनपुढे त्याची एफिशियन्सी किती कमी असते!" शंका रास्त आहे. पण उत्तराआधी १९८६ चा एक पेपर बघू. 'अप्लाइड फिजिक्स लेटर्स'मधला, जेमतेम तीन पानांचा, लेखक एकच: चिंग टँग. त्यातल्या सेलची एफिशियन्सी होती सुमारे १ टक्का. तरी या विषयावरच्या थिसिसमध्ये पहिल्या प्रकरणात हा पेपर बहुतेक वेळा भेटतोच. असं काय आहे त्यात?

टँग मूळचे हाँगकाँगचे. कॉर्नेल विद्यापीठात पीएचडी करताना त्यांनी दोन धातूंच्या मध्ये क्लोरोफिलचा थर ठेवून सेल बनवले. वीज मिळाली, पण नगण्य. १९७५ मध्ये ते कोडॅकमध्ये गेले. हो, तीच फोटोफिल्मवाली कंपनी.

आता अडचण नीट समजून घ्या, मुलाखतीत गाडी इथेच अडते. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन आणि होल जवळजवळ लगेच सुटे होतात. ऑरगॅनिक पदार्थात तसं होत नाही. तिथे डायइलेक्ट्रिक स्थिरांक ३ च्या आसपास असतो, सिलिकॉनमध्ये साधारण १२. त्यामुळे ऑरगॅनिक पदार्थात इलेक्ट्रॉन-होलमधलं आकर्षण फारसं झाकलं जात नाही आणि जोडी बांधलेलीच राहते. हिलाच एक्सायटॉन म्हणतात. खोलीच्या तापमानाची उष्णता ती तोडायला पुरत नाही. साधारण १० नॅनोमीटर भटकून ती विझून जाते. एकाच पदार्थाचा थर असेल तर तिला तोडणारं आत काहीच नसतं.

टँग यांनी दोन थर एकमेकांवर बसवले. एक कॉपर थॅलोसायनिनचा (निळ्या शाईत आणि रंगात असतं तेच), दुसरा पेरिलीनच्या एका संयुगाचा. पहिल्याला इलेक्ट्रॉन द्यायला सोपं, दुसऱ्याला घ्यायला. एक्सायटॉन त्यांच्या सीमेवर पोचला की तिथेच फुटतो: इलेक्ट्रॉन एका बाजूला, होल दुसऱ्या बाजूला.

म्हणून माझ्या मते त्या पेपरातला खरा आकडा १ टक्का नाहीच, तर फिल फॅक्टर ०.६५ हा आहे. त्याचा अर्थ, विद्युतभार सुटे होणं बाहेरच्या व्होल्टेजवर फारसं अवलंबून नव्हतं. काम सीमा करत होती. या कल्पनेचं पेटंट टँग यांच्या नावावर १९७९ मध्येच झालं होतं. पेपर आला सात वर्षांनी.

पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी तीच दोन थरांची युक्ती उलटी वापरली. बाहेरून इलेक्ट्रॉन आणि होल सोडायचे, सीमेजवळ ते भेटले की प्रकाश. आधीच्या अँथ्रासीन क्रिस्टलना शेकडो व्होल्ट लागायचे, इथे १० पेक्षा कमी पुरले. तुमच्या मोबाईलच्या ओएलईडी स्क्रीनचा वंश इथून सुरू होतो.

सेलमध्ये एक पेच मात्र उरला. प्रकाश पुरेसा शोषायचा तर साधारण १०० नॅनोमीटरचा थर हवा, आणि एक्सायटॉन चालतो १० च. १९९५ मध्ये अ‍ॅलन हीगर यांच्या गटाने थर सोडून दोन्ही पदार्थांची चक्क खिचडी केली: पॉलिमर आणि फुलरीन एकत्र. सीमा सगळीकडे, कुठूनही जवळ. पण फार एकजीव करूनही चालत नाही. सुटलेल्या इलेक्ट्रॉनला इलेक्ट्रोडपर्यंत सलग वाट लागते. एका लॅबमध्ये चालणारी रेसिपी दुसरीकडे फसते, त्यामागे बऱ्याचदा ही मिश्रणाची घडणच असते. २०१९ मध्ये फुलरीनऐवजी वाय-६ नावाचा रेणू आला आणि १५ टक्क्यांचा टप्पा ओलांडला गेला. आज प्रयोगशाळेतले छोटे सेल १९ टक्क्यांच्या पुढे आहेत. टिकाऊपणा आणि मोठं क्षेत्रफळ हे प्रश्न अजून शिल्लक आहेत, म्हणजे तुमच्यासाठी काम आहे.

टँग यांचा पेपर मिळवा आणि त्यातला करंट-व्होल्टेज आलेख काढा. कमाल पॉवर स्वतः मोजा, ओपन-सर्किट व्होल्टेज आणि शॉर्ट-सर्किट करंटच्या गुणाकाराने तिला भागा. ०.६५ च्या जवळ येतंय का बघा. फक्त एफिशियन्सीची आजच्या सेलशी थेट तुलना करू नका: त्यांचं मोजमाप एएम २ प्रकाशात झालं होतं, आज आपण एएम १.५ वापरतो.