महामार्गावरचा अंड्याचा तवा

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग महाड ओलांडून पोलादपुरास येतो, तेथून आंबेनळी घाटाची वाट डावीकडे महाबळेश्वरास वळते आणि सरळ रस्ता कशेडीच्या दिशेने पुढे जातो. अशा नाक्यावर रात्री-अपरात्री उतरणाऱ्या प्रवाशाला झटपट शिजणारे, पोटाला आधार देणारे आणि डोळ्यांदेखत तयार होणारे जे अन्न हवे असते, ते भुर्जी-पावाच्या गाडीवर हमखास मिळते.

मोठ्या शहरांतून आता केवळ अंड्यांच्या पदार्थांना वाहिलेली उपाहारगृहे निघाली आहेत. पुण्याचे ‘योकशायर’ अनेकांना ठाऊक आहे. अमेरिकेतील ‘एगस्लट’ची शृंखला २०११ साली लॉस एंजेलिसमध्ये एका फिरत्या मोटारगाडीतून सुरू झाली आणि पुढे लंडन-टोकियोपर्यंत पोहोचली. तिचाही उगम चाकांवरच झाला, हे गाडीवरच्या अन्नाला हिणविणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

अशा शृंखलांना अंडेच मानवले, याचे कारण त्याच्या प्रकृतीत आहे. पन्नास-साठ ग्रॅम वजनाचा, सुमारे सहा ग्रॅम प्रथिने बाळगणारा हा ऐवज निसर्गाने कवचात बंद करून दिलेला असून, त्याचा पांढरा भाग साठ अंश सेल्सिअसच्या थोडा पुढे व बलक त्याहून किंचित अधिक उष्णतेला गोठू लागत असल्यामुळे गिऱ्हाईक उभे असतानाच पदार्थ सिद्ध होतो. मात्र आच जरा अधिक झाली की प्रथिने आक्रसून पाणी सोडतात आणि भुर्जी कोरडी पडते. म्हणूनच कसबी गाडीवाला कांदा मऊ होईपर्यंत धीर धरतो, मिरची, टोमॅटो व हळद परतून घेतो, मग अंडी फोडून उलथण्याने भराभर मोडतो, आणि भुर्जी ओलसर असतानाच बाजूला ओढून मोकळ्या झालेल्या तव्यावर पाव दाबतो. हे ज्ञान कोणत्याही छापील पाककृतीहून उणे नाही, असे माझे ठाम मत आहे.

पोलादपूरच्या आसपासच्या वाड्यांतील गावठी कोंबडी वर्षाकाठी साठ-ऐंशी अंडी देते, पोल्ट्रीतील कोंबडी तीनशेच्या घरात. त्यामुळे गाडीचा व्यवहार पोल्ट्रीच्या अंड्यांवरच चालतो, आणि गावठी अंडे चढ्या दराने घरगुती गिऱ्हाइकाकडे जाते.

शृंखलेला जी स्वच्छता भांडवलाच्या बळावर साधते, ती गाडीवाल्यास पाण्यावाचून साधणार नाही. कारण कवचावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात आणि अंडे फोडल्यावर हात धुणे अगत्याचे असते. पाणी मिळायचे तर गाडीला नेमलेली जागा हवी, आणि त्यासाठीच उपयोगी पडणारा पथविक्रेत्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली झाला. त्यात विक्रीची जागा, प्रमाणपत्र आणि विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेली समिती यांची तरतूद आहे. महामार्गाच्या चौपदरीकरणाने रस्त्याच्या कडा बदलल्या, कशेडीच्या बोगद्याने वाहतुकीची चाल बदलली. अशा वेळी महाडची नगरपरिषद आणि पोलादपूरची नगरपंचायत यांनी बसस्थानकाजवळ या गाड्यांसाठी नळ, दिवा आणि सांडपाण्याचा बंदोबस्त असलेली जागा नेमून द्यावी.