वलयाचा व्यास आणि औषधाचा कस

प्रतिजैविकाची जिवाणूंवरील ताकद केवळ वजनकाट्यावर ठरत नाही. जिवंत जिवाणूंच्या वाढीवर ते किती परिणाम करते यावरूनच ती मोजावी लागते. त्यामुळे या मोजमापाचा इतिहास हा मुख्यतः मोजण्याच्या अटी पक्क्या करण्याचा इतिहास आहे. १९४० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी व चेन यांच्या गटाकडे असलेले पेनिसिलिन इतके अशुद्ध होते की, वजनावरून त्यातील औषधाचा अंदाज बांधणे अशक्य होते. त्याच गटातील नॉर्मन हीटली यांनी जिवाणू पेरलेल्या आगरच्या, म्हणजे समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या घट्ट थरावर छोट्या पोकळ नळकांड्या उभ्या करून त्यांत पेनिसिलिनचे द्रावण भरले. औषध आगरात झिरपत गेले की नळकांडीभोवती वाढ न झालेले स्वच्छ वलय उमटे, आणि त्याचा व्यास प्रमाण द्रावणाच्या वलयाशी ताडून पाहिला जाई. शुद्ध औषध हाती आल्यावर १९४४ मध्ये आंतरराष्ट्रीय एकक ०.६ मायक्रोग्रॅम सोडियम पेनिसिलिन-जी इतके ठरले. पेनिसिलिनच्या कुपीवर आजही 'दहा लाख युनिट' असे छापलेले असते, ते याच परंपरेतून.

औषधाचा कस असा ठरला, तरी विशिष्ट रुग्णातील जिवाणू त्याला दाद देईल की नाही, हा प्रश्न वेगळा होता. त्यासाठी औषध मुरवलेल्या कागदी चकत्या वापरात आल्या. परंतु आगरची जाडी, जिवाणूंची संख्या आणि तापमान प्रत्येक प्रयोगशाळेत निराळे असल्याने निष्कर्षही निराळे येत. १९६६ मध्ये सिअ‍ॅटलच्या बाउअर, कर्बी, शेरिस व टर्क यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने या गोंधळाला शिस्त लावली. आज म्यूलर-हिंटन आगरचा थर ४ मिलिमीटर जाडीचा ठेवतात, जिवाणूंच्या द्रावणाचा गढूळपणा ०.५ मॅकफार्लंड या प्रमाणाशी जुळवतात, कापसाच्या बोळ्याने ते बशीभर तीन दिशांनी सारवतात आणि ६ मिलिमीटरच्या चकत्या ठेवून बशी ३५ अंश सेल्सिअसला १६ ते १८ तास उबवतात. सोबत ज्ञात गुणधर्मांचा एक जिवाणू तपासला जातो, आणि त्याचे वलय ठरलेल्या मर्यादेत आले नाही तर त्या चाचणीचे निष्कर्ष ग्राह्य धरत नाहीत.

वलय मोठे म्हणजे औषध जोरकस, असा समज मात्र चुकीचा आहे, कारण व्यास औषधाच्या विसरणावर, म्हणजे आगरात पसरण्याच्या वेगावरही अवलंबून असतो. अमेरिकी मानकांनुसार स्टॅफिलोकोकस ऑरियसभोवती सेफॉक्सिटिनचे वलय २१ मिलिमीटर भरले तरी तो जिवाणू प्रतिरोधी ठरतो, तर ई. कोलायभोवती अँपिसिलिनचे १७ मिलिमीटरचे वलय संवेदनशीलतेची खूण मानले जाते. कोलिस्टिनचा रेणू मोठा असून आगरात नीट पसरत नाही, म्हणून त्याच्यासाठी साधी चकती भरवशाची नाही.

अशा वेळी 'एमआयसी', म्हणजे जिवाणूंची दृश्य वाढ रोखणारे औषधाचे किमान प्रमाण काढतात. ९६ खळग्यांच्या पट्टीत पोषक द्रवातील औषध प्रत्येक खळग्यागणिक निम्मे करत नेतात, प्रत्येक मिलिलिटरमागे सुमारे पाच लाख जिवाणू सोडतात आणि दुसऱ्या दिवशी द्रव गढूळ न झालेला सर्वांत कमी प्रमाणाचा खळगा शोधतात. वाढ थांबणे म्हणजे जिवाणू मरणे नव्हे. मारक प्रमाण हवे असल्यास त्या स्वच्छ खळग्यांतील द्रव औषधविरहित आगरवर पेरून ९९.९ टक्के जिवाणू मेले की नाही, हे पाहावे लागते.

तपासणी अहवालात दोन औषधांपुढे दोन आकडे असले, तर लहान आकड्याचे औषध अधिक गुणकारी, असे रुग्णाने परस्पर ठरवू नये. प्रत्येक औषधाची उंबरठा-मर्यादा वेगळी असते, आणि ते शरीरात कोठे पोहोचते यालाही तितकेच महत्त्व असते. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या संसर्गावर उपयोगी पडते, पण रक्तात ते पुरेसे साठत नसल्याने रक्तातील संसर्गावर निरुपयोगी ठरते. प्रयोगशाळेचा आकडा हा निवडीचा आधार आहे, निवड नव्हे. ती रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच करावी.