सामायिक स्क्रिप्ट विश्वासार्ह कशी ठरते?

जनुकीय माहितीचे विश्लेषण करणाऱ्या दोन प्रयोगशाळा एकच स्क्रिप्ट वापरूनही भिन्न निष्कर्षांप्रत पोहोचू शकतात. कारण पुष्कळदा साधे असते: एखाद्या सॉफ्टवेअरची आवृत्ती वेगळी असते. मात्र रुग्णाच्या जनुकांतील दोष शोधला जात असेल, तर परिणाम साधा राहत नाही.

बार्सिलोनात विकसित झालेल्या ‘नेक्स्टफ्लो’ प्रणालीभोवती उभ्या राहिलेल्या ‘एनएफ-कोअर’ समुदायाने यावर काढलेला मार्ग उद्बोधक आहे. तेथे प्रत्येक साधनासाठी छोटे, स्वतंत्र मॉड्यूल सामायिक संग्रहात ठेवले जाते. त्यामुळे एकदा केलेली दुरुस्ती सर्वांना उपलब्ध होते. सॉफ्टवेअरची आवृत्ती कंटेनरद्वारे निश्चित केलेली असते. बदल स्वीकारण्यापूर्वी लहानशा नमुना डेटावर स्वयंचलित चाचणी होते आणि दुसरा सहकारी तो तपासतो.

स्वीकारलेला बदलही चालू संशोधनात आपोआप शिरत नाही. मॉड्यूलची नेमकी कोणती आवृत्ती वापरली, याची नोंद कार्यप्रवाहासोबतच राहते.

म्हणूनच केवळ स्क्रिप्टची संख्या वाढल्याने संग्रह समृद्ध होत नाही. काही वर्षांनी, दुसऱ्या देशातील संशोधकालाही तोच निष्कर्ष पुन्हा काढता आला, तरच तो खऱ्या अर्थाने सामायिक ठरतो.