कपडे मशीनमध्ये, आणि तरी स्वच्छ!

‘छे बाई, मशीनमध्ये कपडे काही निघत नाहीत!’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. मग होतं काय, की मशीन लावायचं ते लावायचंच आणि वर पांढरे कपडे पुन्हा बादलीत हातानं चोळायचे. म्हणजे पैसे मोजले, वीज जाळली, आणि कंबर दुखायची ती दुखतेच! मैत्रिणींनो, यात बहुतेक वेळा दोष मशीनचा नसतो. वरून कपडे टाकायचं मशीन धुतं कसं, हे एकदा लक्षात घेतलंत की दुबार धुण्याची पाळी येणार नाही.

या मशीनच्या तळाशी एक चकती असते. ती पाणी घुसळते आणि त्या पाण्यात कपडे फिरून एकमेकांवर घासले जातात. आपण हातानं चोळतो, तेच काम इथं कपडे आपापसांत करतात. त्यासाठी त्यांना हलायला जागा हवी आणि पाणीही पुरेसं हवं. टब ठासून भरला, तर मधले कपडे नुसते ओले होऊन बाहेर येतात.

किती भरावं?

मशीनवर साडेसहा किलो लिहिलेलं असतं, ते कोरड्या कपड्यांचं वजन बरं का! कपडे सैल टाका, दाबू नका. टबाचा वरचा पाव भाग मोकळा राहू द्या. चादरी, टॉवेल, जीन्स ही जड मंडळी पाणी फार पितात. त्यांची खेप वेगळी काढा. कपडे चारी बाजूंना सारखे पसरा. चादर एकीकडे गोळा झाली, की पिळताना मशीन धडधडतं. साडी सुटी टाकली तर तिचा दोरखंड होतो. घडी घालून जाळीच्या पिशवीत घाला. ब्लाउजचे हूक लावा, नाड्यांना गाठ मारा, खिसे तपासा.

फेसाचा मोह नको

फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ, ही आपली जुनी समजूत. पण फेस फार झाला, तर कपडे एकमेकांवर नीट घासले जात नाहीत आणि खळबळूनही साबण धाग्यात राहतो. काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे, कडक झालेले टॉवेल ही त्याचीच लक्षणं. वरून भरायच्या मशीनचीच पावडर आणा, पाकिटावरचं माप पाळा आणि ती आधी मगभर पाण्यात विरघळवून घ्या.

बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबण वाया घालवतात आणि पांढरे कपडे करडे पडत जातात. अशा वेळी पावडर थोडी वाढवा, किंवा सुती कपड्यांच्या खेपेत एक-दोन चमचे धुण्याचा सोडा घाला. रेशीम आणि लोकर मात्र सोड्यापासून दूरच बरी.

डाग आधी, मशीन नंतर

कॉलर आणि बाह्यांच्या कडांना साबण लावून दहा मिनिटं ठेवा. रक्ताचे, दुधाचे, अंड्याचे डाग गार पाण्यातच धुवा. गरम पाण्यानं ते पक्के बसतात. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, घाबरू नका! धुऊन कडक उन्हात टाका. एक-दोन उन्हं लागली की तो फिका पडत जातो.

मशीनचीही आंघोळ

धागे अडकवणारी जाळी दर एक-दोन खेपांनी साफ करा. नळीच्या तोंडाशी एक बारीक गाळणी असते. तिच्यात टाकीतला गाळ साचला, की पाणी हळूहळू येतं. ती अधूनमधून काढून धुवा. महिन्यातून एकदा मशीन रिकामंच, साफ करायची पावडर घालून चालवा. आणि काम झालं की झाकण थोडा वेळ उघडं ठेवा, म्हणजे कुबट वास येणार नाही.

एवढं सांभाळलंत, तर मशीन चालतं तो तासभर खरोखर तुमचा. त्या वेळात चहा घ्या, चार पानं वाचा. बादलीकडे मात्र पुन्हा वळू नका!