दंडातली काडी: ऐकीव काय, खरं काय

गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी माण, आटपाडी, खानापूरची कुटुंबं भारतभर पांगली आहेत. मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथाला त्यांतली बरीच म्हसवडला येतात. केंद्र सरकारनं 2023मध्ये गर्भनिरोधक इम्प्लांट सरकारी दवाखान्यांत आणायचं ठरवलं, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या 10 राज्यांत बिहार, उत्तर प्रदेश, तमिळनाडू होते. कर्नाटकात आपल्या शेजारचा बिदर जिल्हाही. त्यामुळे दंडात ही इम्प्लांटची काडी असलेली सून गावी येऊ लागली, तर नवल नाही. तिच्याआधी अफवा पोचलेल्या असतात.

काडी अंगात फिरते आणि काळजात शिरते, ही त्यातली सगळ्यांची लाडकी. काडी 4 सेंटिमीटर लांब, 2 मिलिमीटर जाड. दंडाच्या आतल्या अंगाला, कातडीच्या लगेच खाली बसते. नीट बसवलेली काडी फारशी हलत नाही. चुकून खोल गेलेली रक्तवाहिनीतून पुढे सरकल्याच्या नोंदी आहेत, पण अगदी विरळा. म्हणून बसवल्याबरोबर बाईनं स्वतः बोटानं चाचपावी. लागत नसेल तर दवाखाना गाठावा, तोवर निरोध वापरावा. जखम भरली की घागर उचला, खुरपा, भाकरी थापा. काडीला काही होत नाही.

खरी अडचण पाळीची, आणि तीच नीट सांगितली जात नाही. साधारण पाचातल्या एकीची पाळी थांबते. मग घरात सुरू होतं, ‘घाण रक्त आत साठतंय.’ साठत काहीच नाही. काडीतल्या संप्रेरकामुळे गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं, बाहेर पडायला काही नसतं. उलट काहींना दिवसेंदिवस थोडं थोडं अंगावरून जातं. जीवाला त्याचा धोका सहसा नसतो. पण जिथं पाळीत देवघरापासून लांब राहावं लागतं, तिथं ऐन यात्रेत तीन आठवडे डाग दिसले तर तिचं काय होतं, हे वैद्यकीय पत्रकात लिहिलेलं नसतं. चाचण्यांमध्ये दहातल्या एकीहून अधिक बायकांनी अशा अनियमित रक्तस्रावामुळे काडी काढून घेतली.

‘ऑपरेशनच पक्कं’ हा आपल्याकडचा जुना भरवसा. महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास जणींची नसबंदी झालेली आहे. प्रत्यक्षात काडी असताना वर्षाला हजारात एकीलाही क्वचितच दिवस जातात. नसबंदीनंतर पहिल्या वर्षी हजारात पाचेक जणींना. शिवाय काडी काढल्यावर आठवड्याभरात संप्रेरक रक्तातून जातं आणि मूल लवकर राहू शकतं. वांझपण येत नाही. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. स्तनाचा कर्करोग, यकृताचा गंभीर आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर मात्र नको.

टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिटच्या काही गोळ्या तिचा असर घटवतात, तेव्हा चालू औषधं डॉक्टरांना आधी सांगावीत. एचआयव्हीपासून ती वाचवत नाही, त्याला निरोधच.

पूर्वी सहा नळ्यांच्या नॉरप्लांट या जुन्या इम्प्लांटला देशातल्या स्त्री संघटनांनी विरोध केला होता. घालायला सगळे पुढे येतील, काढून कोण देणार, ही त्यातली एक शंका. ती आजही रास्त आहे. सरकारी कार्यक्रमातली काडी 3 वर्षांची; त्याआधीही बाईला ती कधीही काढून मागता येते. काडी बसवताना मिळालेलं कार्ड जपून ठेवावं, आणि काढायची सोय कुठं आहे ते बसवतानाच विचारून घ्यावं.