धूर कोळशाचा, चव चरबीची

मुंबईतल्या तंदूरांना कोळसा सोडण्यासाठी न्यायालयाच्या आदेशावरून महापालिकेने दिलेली मुदत ८ जुलै २०२५ ला संपली, तेव्हापासून खवय्यांचा एकच घोशा आहे : कबाबची चव गेली. भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीत गाडी चढवून मांडव्याला उतरणाऱ्या मंडळींतही हाच सूर. अलिबागला तरी खरा विस्तव मिळेल, ही त्यांची आशा.

विस्तव मिळतो, पण चव गेल्याचं रडगाणं मला पटत नाही.

तुर्कस्तानातली 'ओजाकबाशी' घ्या. मधोमध निखाऱ्यांची भट्टी, वर तांब्याचं धुराडं आणि गिऱ्हाईक थेट भट्टीच्या कडेला बसलेलं. तिथला मानकरी अदाना कबाब. 'झर्ह' नावाच्या बाकदार सुऱ्याने हातानेच बारीक केलेलं मेंढ्याचं मांस, त्यात शेपटाची चरबी, लाल मिरची, मीठ. रुंद सळईवर थापलेला हा खिमा तापला की चरबी ठिबकते, निखाऱ्यावर जळते आणि तिचाच धूर मांसाला चिकटतो. ज्याला आपण 'कोळशाची चव' म्हणतो ती बरीचशी ही. लाकडाचा कोळसा होतानाच त्यातली सुगंधी द्रव्यं बहुतेक उडून गेलेली असतात. गॅसने तापवलेल्या दगडावर तीच चरबी पडली तर फार काही बिघडत नाही. बिघडतं ते खिम्यात चरबीची काटकसर केली की; त्याचं खापर मात्र न्यायालयावर आणि पालिकेवर.

आता आपली अलिबागकडची पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, खडे मीठ, ओवा. मधल्या थरांत अंडी, बटाटे, मसाला चोळलेलं चिकन. तोंड पुन्हा पाल्यानेच घट्ट कोंबायचं. पाण्याचा थेंब नाही की तेलाचा. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती पेंढा, पालापाचोळा पेटवतात. बाहेरून पाण्याचा हबका मारल्यावर चर्र झालं की शिजली. इथे निखाऱ्यावर काही ठिबकतच नाही. शेंगा स्वतःच्या ओलाव्यावर आणि पाल्याच्या वासावर शिजतात. म्हणजे पोपटीचं नातं सळईवरच्या कबाबशी नाहीच. तिचा भाऊबंद तुर्कस्तानातल्याच कापादोक्यातला 'तेस्ती कबाब' : तोंड बंद केलेल्या मातीच्या सुरईत मांस-भाजी शिजवायची आणि सुरई गिऱ्हाइकासमोर फोडायची. आपण मडकं उलटं करून रिकामं करतो, एवढाच फरक.

त्यामुळे अलिबागेत येऊन कोळसा शोधणाऱ्यांनी आधी वालाच्या शेताची चौकशी करावी. शेंगा कोवळ्या आहेत का, आणि बांधावरची भांबुर्डी अजून हिरवी आहे का, ते विचारावं. थंडी सरली की दोन्ही हाती लागत नाहीत, मग विस्तव कितीही खरा असो.