क्षुल्लक मानलेली दुखापत

अमेरिकेतील कॉलेजांचा फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून समोरच्यांच्या फळीत घुसायचे, असा तो खेळ. १९०५ पर्यंत त्याचा नियम होता की तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकले तर चेंडू आपल्याकडेच राहणार. पाच यार्ड म्हणजे अवघे पंधरा फूट. तेवढ्यासाठी वेग लागत नाही, घोळक्याने रेटा दिला की भागते. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध वापरलेली ‘उडती पाचर’ याच विचारातून आली. त्यात खेळाडू दोन बाजूंनी धावत येऊन पाचरीच्या आकारात एकाच ठिकाणी आदळत. तो डाव लवकरच बंद झाला, पण रेटारेटी राहिली.

१९०५ च्या मोसमात शाळा-कॉलेजांतले किमान अठरा खेळाडू दगावल्याची मोजणी वृत्तपत्रांनी छापली. ऑक्टोबरमध्येच राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली होती. २५ नोव्हेंबरला न्यूयॉर्क विद्यापीठाविरुद्ध खेळताना युनियन कॉलेजचा हॅरल्ड मूर डोक्याला मार लागून मरण पावला. त्यानंतर न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्रमुख मॅक्क्रॅकन यांनी इतर संस्थांना एकत्र बोलावले. त्या बैठकांतून निघालेली संघटना पुढे १९१० पासून ‘एनसीएए’ म्हणून ओळखली जाऊ लागली.

मृत्यूंची चर्चा देशभर झाली. मात्र जे मेले नाहीत, त्यांचे काय झाले? हार्वर्ड संघाचे शल्यचिकित्सक एडवर्ड निकोल्स आणि त्यांचे सहकारी होमर स्मिथ यांनी याची नोंद ठेवली आणि जानेवारी १९०६ मध्ये बॉस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. एका मोसमात, एकाच संघात १४५ दुखापती! त्यांपैकी १९ वेळा मेंदूला हादरा बसला होता. असा हादरा कोणालाच बसला नाही, असे सामने फक्त दोन. खेळाडू मात्र या दुखापतीला क्षुल्लक समजत. भान हरपलेला मुलगा बराच वेळ खेळत राही आणि कोणाच्या लक्षातही येत नसे. मोडलेला हात दिसतो, तसा हा मार दिसत नाही. आणि ‘मला बरे वाटत नाही’ म्हणून बाहेर बसणे मर्दपणाला कमीपणा आणणारे होते.

१९०६ मध्ये नियम बदलले. पाचऐवजी दहा यार्डांची अट आली, दोन्ही फळ्यांमध्ये चेंडूच्या लांबीएवढी मोकळी जागा सक्तीची झाली आणि चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली. गर्दी पांगावी, हा हेतू. तरीही ३० ऑक्टोबर १९०९ रोजी हार्वर्डविरुद्ध खेळताना लष्करी अकादमीच्या युजीन बर्नला मानेला प्राणघातक इजा झाली. पुढच्या वर्षी एकमेकांना धरून रेटण्यावरही बंदी आली.

या सुधारणांनी घोळका फोडला, हे त्यांचे श्रेय. पण त्या घडवून आणल्या मृत्यूंच्या मोजणीने. हादरा बसलेला खेळाडू स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर येई, म्हणून तो त्या मोजणीत कधी आलाच नाही. कॉलेज-फुटबॉलमध्ये शिरस्त्राण सक्तीचे व्हायला १९३९ साल उजाडावे लागले. निकोल्स आणि स्मिथ यांचा लेख तोवर तेहेतीस वर्षे छापील पडून होता.